आठशेची रेघ

या, असे पुढे या. दाराशी अवघडून कशाला बसता? सतरंजी सगळ्यांना पुरेल, आणि एसीचा वाराही इकडेच लागतो. आज बुवांच्या कीर्तनाचं रेकॉर्डिंग लावायच्या आधी मी एक गोष्ट सांगणार आहे. पुराणातली नाही, इथली, कुवेतच्या याच खैतानमधली, बरीचशी याच खोलीत घडलेली. हिच्यात राजा नाही, ऋषी नाही. एक कागद आहे, एक फोन आहे आणि संशयानं पोखरलेला एक माणूस आहे. तो कोण, ते तुम्हाला लवकरच कळेल.

आपला क्षितिज, तबल्याला बसतो तो. नाशिकचा मुलगा. आमच्याच कंपनीत इन्स्ट्रुमेंट इंजिनियर आहे, प्लांटमधली प्रेशरची मीटरं सांभाळतो. ही गोष्ट घडली तेव्हा त्याची बायको जुईली आणि लेक शलाका नाशिकला होत्या. शलाका तीन वर्षांची. बापानं तिला समोरासमोर पाहिलं ते सगळे मिळून एकसष्ट दिवस. ती फोनलाच बाबा म्हणायची. आजी फोनवर वाण्याशी बोलत असली तरी ही पदर ओढायची, "आजी, बाबा दे ना."

बायकोमुलांना इथे आणायचं तर कामाच्या परवान्यावर आठशे दिनार पगार लिहिलेला लागतो. हातात किती पडतात हे कुणी विचारत नाही, कागदावर किती आहेत ते बघतात. क्षितिजच्या कागदावर होते सहाशे नव्वद. ओव्हरटाइम धरून हातात साडेआठशे पडायचे, पण ओव्हरटाइम परवान्यावर चढत नाही. आणि कंपनी कागदावरचा आकडा सहजी वाढवत नाही, कारण माणूस नोकरी सोडताना त्याला जे द्यायचं ते त्याच आकड्यावर ठरतं. क्षितिजनं तीनदा अर्ज केला होता. तिन्ही वेळा साहेबांनी पाठीवर थाप मारून परत पाठवलं.

त्या वर्षी आमच्या स्टोअरचे यूसुफभाई निवृत्त व्हायचे होते. रत्नागिरी जिल्ह्यातले, जयगडच्या बाजूचे. तीस वर्षं इथे काढलेला माणूस. महिनाअखेरीला कायमचे गावी जाणार, असं सगळ्यांना ठाऊक होतं. बोलणं मोजकं, दाढी पांढरी, शर्टाच्या खिशात कायम दोन पेनं.

एका शुक्रवारी तबल्याच्या गट्ट्यांवर हातोडी मारता मारता क्षितिज सहज म्हणाला, "काका, यूसुफचाचांनी माझ्याकडून लग्नाच्या दाखल्याची प्रत घेतली. बताक्याची पण. आणि जुईलीचे, शलाकाचे चार-चार फोटो."

बताका म्हणजे इथलं ओळखपत्र. ते दुसऱ्याच्या हातात देताना आम्ही पन्नासदा विचार करतो.

"फोटो? कशाला?"

"विचारलं मी. तर म्हणाले, कागद जवळ असलेला बरा."

"आणि तू दिलेस?"

"चाचा आहेत हो!"

बुवांचं कीर्तन सुरू झालं, पूर्वरंग रंगला, पण माझं चित्त लागेना. निघालेला माणूस, महिनाभरात विमानात बसणारा. त्याला दुसऱ्याच्या बायकोचे फोटो आणि लग्नाचा दाखला कशाला हवा? इथे एकाच्या कागदावर दुसऱ्याला आणल्याच्या, नावं फिरवल्याच्या गोष्टी आपण ऐकतोच की. माणूस जातो निघून आणि पोलिसांच्या दारात उभा राहतो तो सही करणारा. मध्यंतरात बुक्का लावायला माझ्याच कपाळापाशी ताट आलं, तर मी ते तसंच पुढे सरकवलं. आजवर असं कधी झालं नव्हतं.

यूसुफभाई परधर्माचे म्हणून माझा संशय इतका भरभर वाढला का? नाही म्हणायला जीभ धजत नाही. बसलाच आहात तर खरं ते ऐका.

पुढच्या गुरुवारी बकाल्यातून, म्हणजे वाण्याच्या दुकानातून, दूध घेऊन येताना कोपऱ्यावरच्या करक चहाच्या दुकानात मला यूसुफभाई दिसले. समोर नूरुद्दीन. नूरुद्दीन हा कंपनीचा मंदूब, म्हणजे सरकारी कचेऱ्यांत आमची कागदपत्रं नेणारा-आणणारा हैदराबादी माणूस. दोघं डोकी जवळ आणून बोलत होते. मग यूसुफभाईंनी पिशवीतून एक खाकी पाकीट काढलं, टेबलावरून सरकवलं, आणि नूरुद्दीननं ते न उघडताच बगलेत मारलं. मी खांबाच्या आडोशाला उभा. हातातलं दूध गरम झालं तरी उभा.

घरी आलो तर आमची ही, सुनंदा, म्हणाली, "दूध आणायला गेलतात की म्हैस?"

मी सगळं सांगितलं. ती कणीक मळत होती, थांबली.

"खांबाआड उभं राहून पाळत ठेवायलात तुम्ही? समोर जाऊन 'यूसुफभाई, चहा पाजा' म्हणलं असतं तर तुमचं काय गेलं असतं?"

"तुला नाही कळायचं. ही कागदांची भानगड असते."

"मला कागदं नाही कळत. मला तुमचं तोंड कळतंय. शुक्रवारी पूर्वरंगात 'सगळ्यांत तोच भरलाय' म्हणून माना डोलवायच्या, अन् गुरुवारी खांबाआड उभं राहायचं."

अंबाजोगाईची आहे ती. तिचं बोलणं असं तोंडावर येऊन पडतं.

रविवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत क्षितिजचा फोन आला. आवाज चिरका झालेला.

"काका, सरकारी ॲपवर निरोप आलाय. कंपनीनं माझा पगार बदलायला टाकलाय. सहाशे नव्वदचे आठशे दहा. खाली दोन बटणं आहेत, मान्य आणि नामंजूर. गुरुवारपर्यंत मुदत."

"तू अर्ज केला होतास?"

"नाही ना! तीनदा नाही म्हणाल्यावर चौथ्यांदा कशाला करीन? काका, आठशे दहा. आठशेच्या वर. दाबू?"

"हात लावू नकोस," मी म्हणालो. "आधी चौकशी करू."

ऐकणाऱ्यांत काही नवे आहेत, त्यांच्यासाठी सांगतो. इथे एक चाल आहे. सगळ्या कंपन्या करत नाहीत, पण ज्या करतात त्यांच्याविषयी सगळ्यांना माहीत असतं. कागदावर पगार वाढवून देतात. बँकेत तो पूर्ण जमाही होतो. आणि दुसऱ्या दिवशी कुणीतरी येऊन म्हणतं, वरचे रोख परत दे. तोवर तुमची बायको इथे आलेली असते, मूल शाळेत घातलेलं असतं. मग माणूस बोलू शकत नाही, नोकरी सोडू शकत नाही. आपण होऊन आलेल्या आठशे दहांकडे बघून मला तो सापळाच दिसला. तुम्हालाही दिसला असता.

क्षितिजनं नूरुद्दीनला गाठलं. मी बाजूलाच उभा होतो.

"नूरुद्दीनभाई, ये मेरा पगार किसने बढ़वाया?"

"अच्छी चीज़ है मियाँ, दबा दे."

"लेकिन किसने?"

नूरुद्दीन गाडीची किल्ली बोटावर फिरवत हसला. "जिसने करवाया, उसने बोलने को मना किया है. तू आम खा ना, भाई."

तो गाडीत बसला आणि गेला. मी क्षितिजकडे पाहिलं. "ऐकलंस? सांगायला मनाई आहे म्हणे. चांगल्या कामाला मनाई कशाला लागते रे?"

क्षितिज फोन खिशात घालत होता, काढत होता.

मंगळवारी मी मुद्दाम स्टोअरमध्ये गेलो. मी सेफ्टीचा माणूस, हातमोजे मागायला केव्हाही जाऊ शकतो. यूसुफभाई खिडकीमागे वहीत लिहीत बसले होते.

"गुरुभाई, परत मोजे? गेल्या हप्त्यात वीस जोड्या नेलास. खातास काय?"

"माणसं हरवतात हो."

"माणसं हरवतात काय मोजे?" म्हणत ते फळीवरून खोका काढू लागले. मी त्यांच्या पाठीकडे बघत विचारलं, "मग, तयारी झाली का गावी जायची? तिकीट काढलं?"

त्यांचा हात फळीवरच थांबला. "बघू," म्हणाले. "जरा लांबणीवर पडतंय."

सगळ्यांना पेढे वाटून झाले, निरोपाचा दिवस-वार ठरला, आणि आता लांबणीवर? मी खोका घेतला, सही केली. वळणार, तेवढ्यात त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, "पोरानं बटण दाबलंन काय?"

ॲपवरची गोष्ट क्षितिज, मी आणि नूरुद्दीन एवढ्यांनाच ठाऊक. म्हणजे धागा इथवर पोचत होता! फोटो, दाखला, पाकीट, मंदूब आणि हा लांबलेला मुक्काम, सगळं एका दोरीत ओवलं गेलं. मी म्हणालो, "कुठलं बटण?" आणि निघून आलो. पाठीमागे त्यांची नजर जाणवत होती.

बुधवारी ड्यूटी सुटल्यावर क्षितिज इथेच, आत्ता तुमच्यातले ते मागचे काका बसलेत तिथे बसला होता. व्हिडिओवर जुईली होती.

"दाब ना मग," ती म्हणत होती. "क्षितिज, मी शाळेत नाव घालायचं थांबवून ठेवलंय. बाई रोज विचारतात, घेऊ की नको म्हणून."

"काका म्हणतात, सापळा आहे."

"काकांना दे."

मी फोन घेतला. पोरीचे डोळे सुजलेले होते. मी तिला शांतपणे सगळं समजावलं, पाकीट कसं पाहिलं ते, बटणाबद्दल विचारलं ते. ती म्हणाली, "माझे फोटो? त्यांच्याकडे का आहेत माझे फोटो?"

माझा संशय असा तिच्याकडेही गेला. तीन हजार किलोमीटर ओलांडून गेला बघा, विमान लागलं नाही.

मागून शलाका ओरडली, "बाबा बंद नको करू!"

क्षितिजनं माझ्याकडे पाहिलं. "काका, तुम्ही सांगा. तुम्ही सांगाल तसं."

"नामंजूर कर," मी म्हणालो. "अन्नाचा घास ओळखीच्या हातचा खावा."

त्यानं अंगठा ठेवला आणि उचलला. पडद्यावर लाल खूण आली. आत सुनंदानं पातेल्यावर झाकण इतक्या जोरात आदळलं की क्षितिज दचकला. मला मात्र हायसं वाटलं. एक घर वाचवलं असंच वाटत होतं मला. त्या संध्याकाळी मी देवापुढे उदबत्ती लावली, हेही सांगून टाकतो.

गुरुवारी सकाळी दहाला पगार खात्यातल्या तबस्सुमचा फोन आला. श्रीवर्धनची मुलगी, मला काका म्हणते.

"काका, क्षितिजभाऊंनी नामंजूर केलंय. चुकून बोट लागलं का?"

"चुकून नाही. आम्हाला कळलंय सगळं."

"काय कळलंय?" ती गोंधळली. "काका, तो बदल खरा आहे. त्यांचा नेहमीचा ओव्हरटाइम मूळ पगारात धरलाय. पत्र मीच टाइप केलंय, मोठ्या साहेबांची सही आहे. हातात जे पडतं तेच आता कागदावर येणार होतं, एवढंच."

"साहेब तर तीनदा नाही म्हणाले होते. आताच कसे हो म्हणाले?"

तिनं आवाज खाली आणला. म्हणाली, "यूसुफचाचांनी सांगू नको म्हटलं होतं. स्टोअर नव्या कॉम्प्युटरवर घ्यायचंय ना, साहेब त्यांना थांबा म्हणत होते. पगारवाढ देतो म्हणाले. चाचा म्हणाले, मला वाढ नको, सहा महिने थांबतो, पण त्या नाशिकच्या पोराचा कागद सरळ करा. फॅमिली व्हिसाचे कागद पण तेच तयार ठेवत होते, आकडा बदलला की त्याच दिवशी नूरुद्दीन घेऊन जाणार होता. काका? ऐकताय ना?"

ऐकत होतो. टेबलावर नव्या हातमोज्यांचा खोका होता, त्याच्याकडे बघत ऐकत होतो.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. कीर्तनाची बैठक क्षितिजवर सोपवली आणि मी जुम्म्याची नमाज सुटायच्या वेळी यूसुफभाईंच्या इमारतीखाली जाऊन उभा राहिलो. या वेळी खांबाआड नाही. ते आले, मला बघून म्हणाले, "चल वर. जेवलास?"

खोलीत तीन खाटा. बाकीचे दोघे बाहेर गेलेले. खाटेखाली हिरवी पत्र्याची पेटी होती. मी उभ्यानंच सगळं बोललो, खांबापासून लाल खुणेपर्यंत. काहीच लपवलं नाही. हात जोडले. ते खाली बसून मोजे काढत होते.

"बस रे," म्हणाले. "मी तुझ्या जागी असतो तर मी पण असंच सांगितलं असतं. हितं फुकट कोण काय देतंय?"

"मग आम्हाला आधी सांगितलं का नाहीत? एका शब्दात काम झालं असतं!"

त्यांनी पायानं पेटी बाहेर ओढली. झाकणावर पांढऱ्या रंगात, वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं होतं: कुवेत.

"खतिजानं लिहिलंन. माझी बायको. तेव्हा अडीचशेची अट होती, माझा पगार झाला दोनशे साठ. मी गावी फोन केला, म्हटलं, आवर, पुढच्या महिन्यात येतेस. तिनं कोंबड्या शेजारणीला देऊन टाकल्यान. पेटी रंगवलीन. आणि मी अर्ज घेऊन जातंय तर अट झाली साडेचारशे." ते हसले, पण आवाज नव्हता. "तिला सांगायला मला आठ दिवस लागले. मग ओढूनताणून चारशे साठवर पोचलो. तेव्हा शहाणा झालेलो, कागद होईपर्यंत बोलायचं नाय असं ठरवलं. पण राहवलं नाय, सांगितलं. त्याच वर्षी अट पाचशे झाली. ती रेघ माझ्यापुढं चालायची, गुरुभाई. मी पाऊल टाकलं की तिचं पण एक पाऊल."

"आणि मग?"

"मग विमानं बंद झाली त्या वर्षी खतिजा गेली. मी हितंच." त्यांनी पेटी परत आत सारली. "म्हणून पोराला सांगितलं नाय. त्याच्या बायकोनं कोंबड्या नकोत द्यायला, असं वाटलं."

जुईलीनं शाळेचं नाव थांबवून ठेवलं होतं, ते मला आठवलं. त्यांनी डाळ-भात वाढला, सुक्या बोंबलाची चटणी स्वतःपुरती वेगळ्या वाटीत घेतली, "तुझं व्रतबित असेल" म्हणाले. मी जेवलो.

आठ दिवसांनी दुसरा निरोप आला. सहाशे नव्वदचे आठशे दहा. क्षितिजनं बटण दाबलं तेव्हा यूसुफभाई शेजारी होते, त्यानं त्यांचाच हात धरून ठेवला होता. मी लांब उभा होतो. साहेब दुसऱ्यांदा कसे तयार झाले, हे मला महिन्याभरानं तबस्सुमकडून कळलं. साहेब चिडले होते, म्हणाले, मुलालाच नको आहे तर मी का करू? मग यूसुफभाई परत आत गेले. सहा महिन्यांचं वर्ष करून बाहेर आले. मला एका अक्षरानं बोलले नाहीत.

म्हणजे माझ्या एका संशयाची किंमत त्या माणसानं स्वतःचे सहा महिने देऊन चुकती केली. आणखी सहा महिने, तीन खाटांच्या खोलीत.

व्हिसाचं सगळं होता होता नोव्हेंबर उजाडला, तेव्हा जुईली आणि शलाका आल्या. विमानतळावर शलाका बापाकडे आलीच नाही. आईच्या पायाला मिठी मारून त्याच्या हातातल्या फोनकडे बोट दाखवत राहिली, "बाबा त्यात आहे." दोन दिवस लागले तिला, बाबा बाहेरही असतो हे कळायला.

पुढच्या शुक्रवारी आम्ही सगळे दस्मानच्या बाजूला समुद्रावर गेलो. सुनंदानं धपाटे केले होते. यूसुफभाईंना तिनं हाताला धरून आणलं, म्हणाली, "चला, आज तुमच्यावर पाळत ठेवायला आमचे हे मोकळे आहेत." ते मोठ्यानं हसले. त्यांचं असं हसणं मी प्रथमच ऐकलं.

पाण्याच्या कडेला ते बराच वेळ नुसते उभे होते. मग मला म्हणाले, "खतिजा फोनवर दर वेळी एकच विचारायची. तिकडचा समुद्र पण आपल्यासारखाच खारट हाय काय? मी म्हणायचो, आलीस की चाखून बघ. सांगून टाकलं असतं तर काय गेलं असतं?"

तेवढ्यात शलाकानं वाकून बोट पाण्यात बुडवलं आणि तोंडात घातलं. सगळं तोंड वेडंवाकडं केलं. "ई! मीठ!"

यूसुफभाई तिच्यापुढे उकिडवे बसले. "परत सांग," म्हणाले. "जरा मोठ्यानं."

तिनं सांगितलं. तीनदा सांगितलं, ओरडून.

येत्या मार्चमध्ये त्यांचं वर्ष भरतंय. हिरवी पेटी घेऊन जातील. आज ते इथे नाहीत, म्हणून मी मोकळेपणानं बोललो. झांजा आता देतोच तुमच्या हाती, बुवाही लावतो. पण त्याआधी एवढं ऐका. तुमच्यातले पुष्कळ जण पुढच्या सुट्टीत खैरानच्या किनाऱ्यावर जातील, मुलाबाळांना घेऊन पाण्यात उतरतील. एखादा थेंब ओठांवर येईलच. तो खारट लागला की जयगडच्या खतिजाची आठवण काढा. तिला कुणी तरी उत्तर द्यायचं राहून गेलंय.